मुंबई–नेवार्क, बाळासोबत: बॅसिनेट, स्वतंत्र सीट की वरचा वर्ग?

शेवंती

नमस्कार मंडळी. जुलैच्या सुरुवातीला मुंबईहून नेवार्कला जायचं आहे, परत डिसेंबरच्या मध्यावर. जाणाऱ्या तिघी: मी, माझी आई (वय ६४, गुडघे दुखतात, विमानतळावर व्हीलचेअर लागेल, पण विमानात चालू शकते) आणि मुलगी. जाताना ती ६ महिन्यांची असेल, परतताना साडेअकरा. नवरा तिकडेच आहे, तो घ्यायला येईल. परतीलाही आम्ही तिघीच.

अडतंय ते असं. थेट विमान घ्यावं (साधारण १६ तास) की एका थांब्याचं? बॅसिनेटची (विमानात भिंतीला अडकवायच्या बाळाच्या टोपलीची) सीट पक्की कशी करतात? कुणी म्हणतं प्रीमियम इकॉनॉमी घ्या, कुणी म्हणतं बाळाला वेगळी सीटच घ्या. आईचं तिकीट बिझनेसचं काढून मी बाळाला घेऊन इकॉनॉमीत बसले तर चालेल का, असाही विचार डोक्यात आहे. पैसे खर्च करायची तयारी आहे, पण योग्य जागी जावेत एवढंच.

---

आडवाट

वर्गाचा विचार सगळ्यात शेवटी करा, ताई. आधी एकच ठरवा: बाळ झोपणार कुठे? त्याचं उत्तर मिळालं की सीट, वर्ग आणि विमान तिन्ही बऱ्याच अंशी ठरतात. तुमच्या बाबतीत जाताना आणि येताना हे उत्तर वेगळं आहे, म्हणून दोन्ही प्रवास एका मापाने मोजू नका.

जाताना ६ महिन्यांची मुलगी. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलीचं मध्यम वजन ७.३ किलो आणि लांबी ६५-६६ सेंमी आहे. बॅसिनेटची मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी. अमेरिकी कंपन्यांची ९ ते १० किलो, एमिरेट्सची ११ किलो आणि ७५ सेंमी, सिंगापूर एअरलाइन्सची १४ किलो. म्हणजे जाताना ती बहुतेक ठिकाणी आरामात मावेल. लोक फक्त किलो बघतात, पण खरी अडचण लांबीची येते. पाय दुमडून झोपणारं बाळ मावतं, हातपाय पसरून झोपणारं कडेला आपटून जागं होतं. निघायच्या आठवड्यात घरी सत्तर-पंचाहत्तर सेंमी लांबीच्या टोपलीत किंवा खोक्यात दुपटं घालून तिला निजवून बघा, लगेच कळेल.

बॅसिनेट भिंतीला अडकवतात, त्यामुळे ते फक्त बल्कहेडच्या, म्हणजे समोर भिंत असलेल्या रांगेतच मिळतं. पण सगळ्या भिंती सारख्या नसतात. सीटचा नकाशा उघडून भिंतीपलीकडे काय आहे ते बघा. इकॉनॉमीच्या अगदी पहिल्या रांगेसमोर पुढच्या वर्गाची भिंत असेल तर ती सर्वांत चांगली. मधल्या बल्कहेडच्या भिंतीआड बऱ्याचदा स्वच्छतागृह असतं: फ्लशचा दणका, दाराची उघडझाप, रांगेत उभी माणसं आणि दर वेळी डोळ्यांवर येणारा उजेड. गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्यांचा खडखडाट आणि पडदा सरकला की झगझगीत दिवे. समोर भिंत नसून दार असलेल्या रांगेत पाय पसरायला जागा असते, पण ती आपत्कालीन दाराची रांग असते. तिथे बाळासह बसू देत नाहीत. दारालगतच्या रांगा थंडही असतात, पायाशी गारवा येतो.

या रांगेचे तोटेही आधी माहीत असू द्या. जेवणाचा ट्रे आणि पुष्कळदा स्क्रीनही हाताच्या दांड्यात असतो, म्हणून दांडा वर होत नाही आणि सीट थोडी अरुंद लागते. समोर सीट नाही म्हणजे पायाशी पिशवी ठेवता येत नाही. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी सगळं सामान वरच्या कप्प्यात जातं. तेवढ्यासाठी एक छोटी कापडी पिशवी वेगळी करा: दोन डायपर, ओले पुसणे, एक झबलं, दुधाची बाटली. ती कप्प्यात सगळ्यात पुढे ठेवा, म्हणजे पट्ट्याचा (सीटबेल्ट बांधायच्या सूचनेचा) दिवा विझला की एका हाताने काढता येते.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला बॅसिनेटमधून उचलून मांडीवर घ्यावंच लागतं, कितीही गाढ झोपलेलं असो. १६ तासांत असं चार-पाच वेळाही होऊ शकतं. बॅसिनेट म्हणजे अखंड झोपेची हमी नाही, तुमचे हात मोकळे होण्याची सोय आहे. ते उड्डाणानंतर दिवा विझल्यावर कर्मचारी लावतात आणि उतरण्यापूर्वी काढून नेतात.

बसायचं कसं? ३-३-३ मांडणीच्या, म्हणजे एका रांगेत तीन-तीन सीटांचे तीन गट असलेल्या विमानात (७८७, ए३५०) मधल्या तिघांच्या गटात तुम्ही मधोमध आणि आई कडेला, वाटेच्या सीटवर. त्यांना गुडघ्यांमुळे वारंवार उठावं लागेल आणि वाटेची सीट त्यांनाच हवी. बल्कहेडला पुढे जागा असल्याने तुम्हालाही त्यांना न उठवता बाहेर पडता येतं. ३-४-३ मांडणीत (बहुतेक ७७७) मधल्या चार सीटसमोर दोन बॅसिनेट असू शकतात, म्हणजे शेजारी दुसरं बाळ. एक रडलं की दुसरं उठतं. शक्य असेल तर ७८७ किंवा ए३५० निवडा. या विमानांत आतला हवेचा दाब साधारण ६,००० फूट उंचीइतका राखलेला असतो, जुन्या विमानांत ८,००० फुटांपर्यंत जातो. कानांवर आणि थकव्यावर त्याचा फरक पडतो.

थेट की थांबा, यावर माझं मत स्पष्ट आहे: थेट. मुंबईहून आखाताकडे जाणारी बरीच विमानं पहाटे निघतात. बाळ झोपतं न झोपतं तोच तीन तासांत उतरायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी, व्हीलचेअरची वाट, पुन्हा उड्डाण. कान दुखण्याच्या वेळा दुप्पट होतात. आणि बॅसिनेट दोन्ही विमानांत वेगवेगळं पक्कं करावं लागतं, एकात मिळालं म्हणून दुसऱ्यात मिळेलच असं नाही.

---

तिकीटखिडकी

बॅसिनेट पक्कं करण्याचं सांगते, कारण ९० टक्के गोंधळ इथेच होतो.

बाळ तुमच्याच बुकिंगमध्ये पाहिजे, आईच्या नाही. मांडीवरच्या बाळाचं तिकीट एका विशिष्ट मोठ्या प्रवाशाला जोडलेलं असतं. आधी दोघींचं तिकीट काढून बाळ नंतर जोडू असं करू नका. त्या विमानात मांडीवरच्या बाळांचा कोटा संपलेला असू शकतो. कोटा का असतो? सीटच्या प्रत्येक गटावर सहसा एकच जादा ऑक्सिजन मास्क असतो, म्हणून एका गटात मांडीवरचं एकच बाळ बसवतात. जुळी असतील तर आई-वडिलांना वाटेच्या अल्याडपल्याड बसावं लागतं ते याच कारणाने.

बॅसिनेटची मागणी बुकिंगमध्ये ‘बीएससीटी’ या कोडने जाते. फोनवर ‘विनंती नोंदवली आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. ‘स्टेटस काय दिसतंय’ असं विचारा. ‘एचके’ किंवा ‘केके’ म्हणजे पक्कं, ‘एचएन’ किंवा ‘एनएन’ म्हणजे मागणी गेली आहे पण उत्तर आलेलं नाही, ‘यूएन’ किंवा ‘यूसी’ म्हणजे मिळालं नाही. हे कोड बोललात की समोरचा माणूसही नेमकं बोलू लागतो. सीटचा क्रमांक त्याच फोनवर लावून घ्या, कारण बॅसिनेटचा कोड पक्का आणि सीट मात्र विसाव्या रांगेत, असंही होतं.

पैसे भरून सीटची निवड आधीच करू नका. बॅसिनेटची मागणी सहसा मोफत असते, पण बल्कहेडच्या सीटा जादा जागेच्या म्हणून विकल्याही जातात. आधी फोन करा, नाही मिळालं तरच पैसे भरून सीट निवडा, कारण ते पैसे सहसा परत मिळत नाहीत.

कोडशेअर असेल, म्हणजे तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं, तर विमान उडवणाऱ्या कंपनीलाच फोन करा. तिचा बुकिंग क्रमांक बऱ्याचदा वेगळा असतो, तो तिकीट विकणाऱ्याकडून मागून घ्या. एजंटकडून तिकीट काढलं असेल तरी हीच रीत.

मग तीन वेळा तपासा: तिकीट काढल्यावर दुसऱ्या दिवशी, निघायच्या ७२ तास आधी आणि ऑनलाइन चेक-इन उघडल्यावर. मधल्या काळात विमानाचा प्रकार बदलला तर सीटांची जुळणी आपोआप विस्कटते आणि बॅसिनेट गळून पडतं. तुम्हाला संदेश येईलच असं नाही. विमानतळावर साडेतीन तास आधी काउंटरवर उभ्या राहा. पक्कं असलं तरी शेवटचा शब्द तिथला असतो आणि दोन बाळांत एकच बॅसिनेट उरलं तर बहुधा लहान बाळाला देतात.

आईंसाठी ‘डब्ल्यूसीएचआर’ नोंदवा. त्याचा अर्थ लांबवर चालणं जमत नाही, पण जिना आणि विमानातली चाल जमते. जिनाही जमत नसेल तर ‘डब्ल्यूसीएचएस’. चुकून ‘डब्ल्यूसीएचसी’ पडलं तर त्या सीटवरून हलूच शकत नाहीत असं धरलं जातं आणि विनाकारण चौकशा होतात. बाळाचं जेवण ‘बीबीएमएल’, तेही २४ ते ४८ तास आधी सांगायचं. सहा महिन्यांत नुकतंच वरचं अन्न सुरू झालेलं असतं, त्यामुळे त्या डब्यांवर अवलंबून न राहता स्वतःचंही ठेवा.

बाळाचा स्वतंत्र तिकीट क्रमांक आला आहे ना, तेही बघा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर.

---

शेवंती

खूप धन्यवाद दोघांनाही. हे कोड कुणीच सांगितले नव्हते. दोन शंका उरल्या. आईला बिझनेसमध्ये बसवायचा विचार सोडून द्यावा का? आणि परतीला साडेअकरा महिन्यांची असेल तेव्हा काय करायचं? वजन तेव्हा नऊच्या आसपास असेल.

---

आडवाट

सोडून द्या. आई पुढे आणि तुम्ही मागे बसलात तर बाळ दोघींत फिरवता येईल असं वाटतं, पण कर्मचारी मागच्या वर्गातल्या माणसाला पुढे येऊ देत नाहीत, पुढच्यांनीही मागे वाटेत उभं राहणं त्यांना नको असतं. १६ तासांत तुम्हाला स्वच्छतागृहात जायचं आहे, जेवायचं आहे, डोळा लागायला हवा. त्या प्रत्येक वेळी बाळ घेणारं माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे. आईंचं तिथे असणं हीच तुमची सर्वांत मोठी सोय आहे, ती तीस रांगा पुढे पाठवू नका.

---

मोजपट्टी

वर्गांचा हिशेब मांडतो, कारण ‘वरचा वर्ग म्हणजे बाळाला आराम’ हे सरसकट खरं नाही.

प्रीमियम इकॉनॉमीत सीट एक-दीड इंच जास्त रुंद आणि दोन रांगांतलं अंतर ३८ इंचांच्या आसपास असतं, इकॉनॉमीत ३१-३२. मोठ्या माणसाला हा फरक मोठा वाटतो. पण तिथे हाताचे दांडे पक्के असतात, वर होत नाहीत. म्हणजे शेजारची सीट रिकामी असली तरी बाळाला आडवं टाकता येत नाही. आणि काही विमानांत त्या वर्गात बॅसिनेटची भिंतच नसते. त्यामुळे प्रीमियम इकॉनॉमीचा प्रश्न एका वाक्यात सुटतो: तुमच्या विमानात त्या वर्गात बॅसिनेट आहे का? असेल आणि पक्कं मिळत असेल तर दोघींसाठी ते उत्तमच. नसेल तर इकॉनॉमीचं बल्कहेड सरस.

बिझनेसमध्ये आडवं झोपता येतं, रांगेत माणसं कमी, कुणाच्या कोपराला धक्का नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला आडोसा मिळतो, ही मोठी गोष्ट आहे. पण तिथेही बॅसिनेट मोजक्याच सीटांसमोर असतं, १-२-१ मांडणीच्या कित्येक विमानांत मुळीच नसतं. बाळ तुमच्याच पलंगावर, तुमच्या कुशीत झोपणार. पलंग खांद्यापाशी बरा आणि पायाशी निमुळता, त्यामुळे बाळ भिंतीच्या बाजूला आणि तुम्ही कुशीवर, हीच एक स्थिती राहते. गाढ झोप लागणाऱ्या माणसाने तो धोका पत्करू नये. दोघी तिथे बसणार असाल तर मधल्या जोडीच्या सीटा घ्या, आणि त्यांच्यामधला पडदा पूर्ण खाली जातो की नाही ते विचारा. काही जोड्यांत दोन सीटा एकमेकींपासून इतक्या दूर असतात की बाळ देण्याघेण्यासाठी उठावंच लागतं.

पैशांत फसगत होते ती इथे: आंतरराष्ट्रीय प्रवासात मांडीवरच्या बाळाचं भाडं बहुतेक कंपन्यांत मोठ्यांच्या भाड्याच्या सुमारे १० टक्के अधिक कर असतं, आणि ते त्या वर्गाच्या भाड्याचे १० टक्के. समजा इकॉनॉमीचं एका बाजूचं भाडं ६०,००० असेल तर बाळाचे ६,०००, बिझनेसचं २,५०,००० असेल तर बाळाचे २५,०००. साठवलेल्या बक्षीस पॉइंट्सवर बिझनेस काढणाऱ्यांना हे फार टोचतं. मोठ्यांचं तिकीट पॉइंट्समध्ये निघतं आणि बाळाचं मात्र रोख भाड्याच्या १० टक्क्यांनी आकारलं जातं. काही योजना अपवाद आहेत. ब्रिटिश एअरवेजमध्ये बाळाला पॉइंट्सच्या १० टक्के, एअर कॅनडाच्या एरोप्लॅनमध्ये २५ कॅनेडियन डॉलर किंवा २,५०० पॉइंट्स. पॉइंट्स वापरणार असाल तर हे आधी विचारा, मग ते विमान कंपनीच्या खात्यात हलवा. एकदा हलवलेले पॉइंट्स परत येत नाहीत.

आता तोच हिशेब दुसऱ्या अंगाने. बाळाला इकॉनॉमीत स्वतःची सीट घेतली तर बऱ्याच भाड्यांत ती मोठ्यांच्या मूळ भाड्याच्या ७५ टक्क्यांच्या आसपास पडते, वर कर. म्हणजे वरच्या उदाहरणात साधारण ४५,०००. एका मोठ्या माणसाला बिझनेसमध्ये नेण्याच्या फरकात (१,९०,०००) बाळाला चार वेळा सीट घेता येते. परतीला तुम्ही तेच करा असं मी म्हणेन.

---

आडवाट

‘मोजपट्टी’ म्हणतात त्याला पूर्ण सहमती, आणि परतीचं सविस्तर सांगतो.

साडेअकरा महिन्यांच्या मुलीचं मध्यम वजन पावणेनऊ-नऊ किलो, लांबी ७३-७४ सेंमी. वजन चालेल, पण लांबी जवळपास संपलेली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तेव्हा ती उभी राहत असेल. जे बाळ कडेला धरून उभं राहतं त्याच्यासाठी भिंतीवरची टोपली ही झोपायची जागा उरत नाही, उतरण्याची जागा होते. दांडे वर होत नसल्याने बल्कहेडचा तिथे तोटाच जास्त.

लोक एक युक्ती सांगतात: तिघांच्या गटात खिडकीची आणि वाटेची सीट घ्या, मधली रिकामी राहील अशी आशा करा. मधे कुणी आलंच तर त्याला खिडकी किंवा वाट द्या, कुणी नाही म्हणत नाही. युक्ती चांगली आहे, पण डिसेंबरच्या मध्यावर अमेरिकेहून भारताकडे येणारी विमानं गच्च भरलेली असतात. त्या आठवड्यात आशेवर बसू नका, सीट विकतच घ्या.

मांडीवर किती वेळ धरणार, हा सोयीचा भाग झाला. सुरक्षिततेचा वेगळा. अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन, एफएए, दोन वर्षांखालच्या बाळालाही स्वतःच्या सीटवर, कार सीटमध्ये (गाडीत बाळाला बांधून बसवायच्या खुर्चीत) बांधून नेण्याचा आग्रह धरतं. अचानक मोठा हिसका बसला तर नऊ किलोचं बाळ हातांनी धरून ठेवणं माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे. भारतीय, आखाती आणि युरोपीय कंपन्यांत मांडीवरच्या बाळाला तुमच्या पट्ट्यातून ओवलेला छोटा पट्टा देतात. अमेरिकी कंपन्यांत तो देत नाहीत, बाळ नुसतं हातात धरायचं. पोटावर बांधायची झोळी किंवा कॅरिअर उड्डाणाच्या वेळी बहुतेक ठिकाणी चालत नाही.

तुमची एक गोष्ट जुळून येते. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे एवढ्या लहान मुलाला गाडीत मागे तोंड करून, पाच-पट्टी (पाच ठिकाणी पट्ट्यांनी बांधायच्या) कार सीटमध्ये बसवावंच लागतं. म्हणजे मुलीच्या बाबांनी विमानतळावर येताना कार सीट आणायचीच आहे. ती विकत घेताना दोन गोष्टी बघायला सांगा. एक, सीटवर चिकटवलेली सूचना, ‘मोटारीत आणि विमानात वापरण्यास प्रमाणित’ अशा अर्थाची, लाल अक्षरांत, इंग्रजीत. ही नसेल तर कर्मचारी ती सीट वापरू देणार नाहीत. दोन, सर्वांत रुंद ठिकाणची रुंदी १६-१७ इंचांच्या आत. इकॉनॉमीची सीट १७-१८ इंचांची असते आणि दांड्यांमध्ये ती बसली पाहिजे. तीच सीट परतीच्या विमानात वापरा. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच कार सीटांवर युरोपीय मानकाची खूण असते, विमानाचा उल्लेख नसतो, म्हणून इथून घेऊन जायच्या भानगडीत पडू नका. जाताना तशीही बॅसिनेट आहे.

विमानात ती खिडकीच्या सीटवरच लावतात, म्हणजे कुणाचा बाहेर पडायचा मार्ग अडत नाही. आपत्कालीन दाराच्या रांगेत आणि त्याच्या पुढच्या-मागच्या रांगेत नाही. म्हणजे परतीला खिडकीत मुलगी, मधे तुम्ही, वाटेवर आई. गाडीतले धातूचे हूक विमानात नसतात, विमानाचाच पट्टा सीटच्या खाचेतून ओवून घट्ट करायचा. मागे तोंड करून बसवायच्या सीटची खाच वेगळी असते, तिच्यावर बहुधा निळी खूण असते. पट्टा ओवल्यावर गुडघा सीटमध्ये रोवून सारी ताकद लावून ओढा, मग धरून हलवा. एक इंचापेक्षा जास्त सरकली तर सोडून पुन्हा बांधा. बकल खाचेच्या बरोबर कडेवर आलं की उघडायला फार त्रास होतो, म्हणून बांधतानाच ते आत किंवा बाहेर सरकवा. हे घरी गाडीत, हूक न वापरता नुसत्या पट्ट्याने दोन-तीनदा करून बघा. चढण्याच्या घाईत, मागे माणसं खोळंबलेली असताना शिकायची ही गोष्ट नाही.

मागे तोंड केलेली सीट समोरच्याची पाठ मागे झुकू देत नाही, त्यावरून कुरबुर होते. आधीच नम्रपणे सांगून ठेवा. समोर तोंड करून बांधायचा ‘केअर्स’ नावाचा नुसता पट्टाही मिळतो, हलका आहे, पण तो १० ते २० किलोंसाठी. पावणेनऊ-नऊ किलोच्या मुलीला तो वापरू नका.

---

तिकीटखिडकी

तिकिटाबद्दल एक खुलासा. जाताना मांडीवर आणि परतीला सीट, असं एकाच जाण्यायेण्याच्या तिकिटात वेबसाइटवर बहुधा निघत नाही. मांडीवरच्या बाळाचा प्रकार ‘आयएनएफ’, सीटवरच्या बाळाचा ‘आयएनएस’. फोनवर हेच शब्द वापरून दोन्ही बाजूंचा भाव मागा. दोन वेगळी एकेरी तिकिटं काढायचा मोह होईल, पण लांबच्या मार्गावर एकेरीची बेरीज बहुधा महाग पडते आणि एकीत बदल झाला तर दुसरीला कळत नाही. दोन्ही बाजूंना सीट घेतलीत तर जाताना बॅसिनेट सहसा देत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. आणि कार सीट चालेल का, रुंदीसकट, हे फोनवर नोंदवून घ्या.

---

वडाची_पारंबी

मधेच विचारते. आमचा मुलगा निघताना २३ महिन्यांचा आहे, तिकडे असतानाच दोन वर्षांचा होईल. परतीला काय?

---

तिकीटखिडकी

प्रत्येक टप्प्याच्या दिवसाचं वय धरतात. जाताना मांडीवर चालेल, दुसरा वाढदिवस झाल्यावरच्या टप्प्यावर सीट सक्तीची. तिकीट काढतानाच जन्मतारीख नीट घाला आणि परतीची सीट त्याच वेळी घ्या. विमानतळावर कळलं तर त्या दिवसाचं पूर्ण भाडं पडेल. आणि बूस्टर सीट (मुलाला उंच बसवणारी नुसती बैठक) विमानात चालत नाही, पाठ आणि पाच-पट्टी असलेलीच आणा.

---

मोजपट्टी

बिझनेसचा विचार पुन्हा कुणाच्या मनात आला तर एवढं विचारून घ्या: त्या सीटच्या पट्ट्यात हवेची पिशवी आहे का? कित्येक विमानांत बिझनेसच्या, आणि काहींत इकॉनॉमीच्या बल्कहेडच्याही पट्ट्यात ती असते. पट्टा हाताला जाडसर, फुगीर लागतो. त्यात बाळाचा छोटा पट्टा थेट ओवू नका, कर्मचाऱ्यांकडून त्यासाठीचा जोडपट्टा मागा. अशा पट्ट्याच्या किंवा तिरप्या मांडणीच्या सीटवर कार सीटही बऱ्याचदा लावता येत नाही.

---

शेवंती

सगळं वहीत उतरवलं. थेट विमान, जाताना इकॉनॉमीचं पहिलं बल्कहेड, परतीला ‘आयएनएस’ आणि तिकडची कार सीट. एक शेवटचं: आम्ही पुण्याच्या. पुणे–दिल्ली–नेवार्क असं तिकीट दोन हजारांनी स्वस्त दिसतंय.

---

आडवाट

नको. पुणे–दिल्ली विमान ३-३ मांडणीचं, अरुंद. त्यात बॅसिनेट नसतंच. दिल्लीला टर्मिनल, व्हीलचेअर, इमिग्रेशन, सुरक्षा सगळं बाळाला घेऊन. त्यापेक्षा पुण्याहून गाडीने दुपारीच निघा, रात्रीच्या विमानाला मुंबईत पोचून दोन-तीन तास कुणाकडे पाठ टेका. बाळाला शेवटचं पोटभर पाजणं विमानात चढण्यापूर्वी नको, उड्डाणाच्या वेळेसाठी राखून ठेवा. चढताना थोडं पाजून थांबवा, धावपट्टीवर विमान वेग घेऊ लागलं की पुन्हा घ्या. उतरताना तेच, पण चाकं टेकण्याच्या जवळपास अर्धा तास आधी, कारण कानांवर दाब तेव्हापासून बदलायला लागतो. आणि बॅसिनेटमध्ये विमानातली चादर घालण्यापेक्षा घरचं, न धुतलेलं मलमलचं दुपटं घाला. वास ओळखीचा असला की ती लवकर शांत होते. वरून टोपलीवर मात्र कापड झाकू नका, श्वास आणि चेहरा दोन्ही दिसत राहिले पाहिजेत.